परदेशी जोडीदाराशी मुंबईत लग्न: व्हिसा, ओसीआय आणि नागरिकत्वापर्यंतची वाट

कोर्ट मॅरेज पार पडलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "मग आता सूनबाईंना आपला पासपोर्ट कधी मिळणार?" जावई परदेशी असला तर त्याच्याबद्दलही हेच विचारलं जातं. बहुतेकांना वाटतं, सहा महिने, फार तर वर्ष. प्रत्यक्षात भारतीय कायद्यात लग्नामुळे कोणी आपोआप भारतीय होत नाही. लग्नाने एवढंच होतं, की परदेशी जोडीदाराला आधी जोडीदाराच्या व्हिसासाठी, मग ओसीआय कार्डासाठी (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया: नाव नागरिकाचं, पण प्रत्यक्षात परदेशी नागरिकाला मिळणारा आजीवन व्हिसा) आणि शेवटी नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. यातलं पुढचं काहीही मिळायचं असेल तर लग्नाची रीतसर नोंदणी हवी आणि मुक्काम पहिल्या दिवसापासून कायदेशीर हवा. मांडव किती मोठा होता, सासरच्यांनी किती मनापासून स्वीकारलं, याला तिथे काही किंमत नाही. व्हिसा संपल्याची तारीख मात्र वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही.

उलट बाजूही सांगून ठेवतो, कारण त्याचीही भीती घातली जाते: परदेशी माणसाशी लग्न केल्याने तुमचं भारतीय नागरिकत्व जात नाही. तुम्ही स्वतः दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत, तर मात्र ते जातं.

लग्नाच्या आधी: नोटिशीचे ३० दिवस आणि व्हिसाचे दिवस

दोघांचा धर्म किंवा देश वेगळा असेल तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करणं सगळ्यात सुटसुटीत, असं माझं स्पष्ट मत आहे. दोघांपैकी एक जण नोटिशीच्या (लग्न करणार असल्याची विवाह अधिकाऱ्याला दिलेली लेखी सूचना) आधी किमान ३० दिवस त्या जिल्ह्यात राहिलेला असला की पुरतं. म्हणजे मुंबईकर जोडीदाराच्या पत्त्यावर काम भागतं. मुंबई शहरासाठी विवाह अधिकाऱ्याचं कार्यालय फोर्टमध्ये जुन्या कस्टम हाउसमध्ये आहे, उपनगरासाठी वांद्रे पूर्वेला. नोटीस नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरून भरता येते. त्यानंतर आक्षेपासाठी ३० दिवस थांबावं लागतं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लावावं लागतं. नाहीतर नवी नोटीस, पुन्हा ३० दिवस. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात.

इथेच पहिली गफलत होते. जोडीदार ३० दिवसांच्या ई-टुरिस्ट व्हिसावर येतो, आल्यावर आठवडाभराने नोटीस दिली जाते, आणि लग्नाची तारीख उजाडण्याआधी व्हिसा संपतो. म्हणून उलटा हिशेब मांडा. लग्नाची तारीख ठरवा, मागे ३० दिवस मोजा, त्यात कागदांसाठी दोन-तीन आठवडे धरा, आणि एवढा काळ पुरेल असा व्हिसा घेऊनच जोडीदाराला यायला सांगा. ई-व्हिसावर आल्यावर इथे प्रकार बदलून मिळेल, असं गृहीत धरून तर कधीच येऊ नका.

परदेशी जोडीदाराकडून अविवाहित असल्याचा, किंवा आधीचं लग्न कायद्याने संपल्याचा दाखला मागतात. तो त्यांच्या वकिलातीतून किंवा मायदेशातल्या नोंदणी कार्यालयातून मिळतो. मायदेशातून आणायचा झाला तर त्यावर अपोस्टिलचा शिक्का घेऊनच आणा (कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून मायदेशाचं सरकार देतं ते प्रमाणीकरण; भारत २००५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे), आणि कागद इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडा. आधी घटस्फोट झाला असेल तर कोर्टाचा अंतिम हुकूम हवा. नुसती सही केलेली संमती चालत नाही.

दोघंही हिंदू असतील तर वैदिक पद्धतीने लग्न लावून महापालिकेच्या वॉर्ड ऑफिसात नोंदणी करता येते. विशेष विवाह कायद्याचा दाखला मात्र स्वतःच लग्नाचा निर्णायक पुरावा मानला जातो, त्यामुळे परदेशी कार्यालयांत तो विनातक्रार चालतो. एकत्र कुटुंबाची जमीन-घर असणाऱ्यांनी एक गोष्ट वकिलाला जरूर विचारावी: जोडीदार हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन नसेल, तर या कायद्याखाली लग्न केल्यावर कायद्याच्या दृष्टीने तुम्ही एकत्र कुटुंबातून वेगळे होता. तुमचा हिस्सा बुडत नाही, पण गावाकडच्या वाटण्या होताना हा मुद्दा निघतो आणि तेव्हा घरच्यांना धक्का बसतो.

लग्न परदेशात झालं असेल तर तिथल्या दाखल्यावर अपोस्टिल किंवा भारतीय वकिलातीचं प्रमाणीकरण घ्या. समलिंगी जोडप्यांना मात्र ही वाट सध्या बंद आहे. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला कायदेशीर मान्यता दिली नाही, त्यामुळे जोडीदार म्हणून व्हिसा किंवा ओसीआय मागता येत नाही.

दाखल्यावरचं नाव: इथे दहा मिनिटं जास्त द्या

आपल्याकडचे फॉर्म तीन रकान्यांचे: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. परदेशी पासपोर्टात वडिलांच्या नावाला जागाच नसते. समजा पासपोर्टवर नाव आहे आना मारिया कोस्टा आणि वडील आहेत पेद्रो. फॉर्म भरणारा सवयीने लिहितो आना पेद्रो कोस्टा, आणि छापून येतं तेच. पुढे व्हिसाच्या अर्जात, ओसीआयच्या अर्जात, पोलीस पडताळणीत प्रत्येक ठिकाणी विचारणा होते, की ही आना मारिया आणि ही आना पेद्रो एकच बाई कशावरून? मग प्रतिज्ञापत्र करा, दुरुस्तीला अर्ज द्या, पुन्हा फोर्टला खेटे घाला.

सही करण्याआधी मसुदा मागून घ्या आणि पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर न अक्षर तपासा. पासपोर्टवर 'मारिया' पहिल्या नावाचा भाग असेल तर दाखल्यातही ती पहिल्या नावाच्या रकान्यातच हवी. मधला रकाना रिकामा सोडायला सांगा. सिस्टिम घेत नाही असं उत्तर मिळालं तर वरिष्ठांना भेटा. जन्मतारखेत दिवस आणि महिन्याची अदलाबदल हीसुद्धा नेहमीची चूक. आणि लग्नानंतर आडनाव बदलायचंच असेल तर आधी मायदेशाच्या पासपोर्टवर बदलून घ्या, मग इथले कागद करा. लग्नात उखाणा घेताना कुठलंही नाव चालेल, पण अर्जात फक्त पासपोर्टवरचंच.

जोडीदाराचा व्हिसा

भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला एक्स व्हिसा, म्हणजे प्रवेश व्हिसा मिळतो. जोडप्यांसाठीचा उपप्रकार एक्स-२ म्हणून ओळखला जातो. तो पाच वर्षांपर्यंतचा देता येतो. मिळवायचे मार्ग दोन. लग्नानंतर जोडीदार मायदेशी जाऊन तिथल्या भारतीय वकिलातीत अर्ज करतो, हा सरळ मार्ग. दुसरा, इथेच राहून एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंदणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, व्हिसाचा प्रकार बदलून मागायचा. इथे लग्नाचा दाखला तर लागतोच, शिवाय तुम्ही खरोखर एकत्र राहता का, याची चौकशी होते आणि सुरक्षा तपासणीही होते. वेळ आणि विमानाचं भाडं परवडत असेल तर मी पहिला मार्ग सुचवेन. चौकशी लांबली आणि मूळ व्हिसा संपत आला, की त्या आठवड्यांत अख्खं घर अस्वस्थ असतं.

या व्हिसावर नोकरी-धंदा करण्याची मुभा आपोआप येत नाही. घरून परदेशी कंपनीचं काम करायचं असलं तरी आधी लेखी विचारून घ्या.

एफआरआरओ, सी-फॉर्म आणि पोलीस

मुंबईचं एफआरआरओ कार्यालय सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागे, बदरुद्दीन तय्यबजी मार्गावर आहे. पण २०१८ पासून बहुतेक कामं ई-एफआरआरओ पोर्टलवर होतात, बोलावलं तरच जायचं. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याने भारतात उतरल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची असते. पाकिस्तानी नागरिकांचे नियम वेगळे आणि फार कडक आहेत.

सी-फॉर्म ही अशी गोष्ट आहे जी सासरच्यांच्या ध्यानीमनीही नसते. परदेशी नागरिकाला राहायला जागा देणाऱ्याने २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यायची असते. हे फक्त हॉटेलांसाठी आहे असं लोक धरून चालतात. सून स्वतःच्या घरी आली, तिचा कसला फॉर्म, असं आपल्याला वाटणं साहजिक आहे. पण नागरिकत्व मिळेपर्यंत कायद्याच्या नजरेत ती परदेशी नागरिक आहे. घर ज्याच्या नावावर आहे त्याने पोर्टलवर खातं उघडून तो फॉर्म भरून टाकावा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि पुढच्या प्रत्येक अर्जात त्याची पावती कामाला येते.

पत्त्याचा पुरावा हा मुंबईतला खरा अडसर आहे. घर भाड्याचं असेल तर लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदणी केलेला हवा आणि त्यात दोघांची नावं हवीत. ११ महिन्यांनी करार नवा झाला, घर बदललं, की एफआरआरओला कळवायचं. आईवडिलांच्या नावावरचं घर असेल तर त्यांचं संमतिपत्र, विजेचं बिल, आणि सोसायटीचं पत्र. सोसायटीच्या सेक्रेटरींशी आधी बोलून ठेवा. परदेशी माणसाचं नाव पाहून काही कमिट्या पत्र द्यायला उगीच बिचकतात. त्यांना शांतपणे समजावलं, की हे पत्र फक्त राहत असल्याचं आहे, त्याने मालकीहक्काचा काही संबंध येत नाही, तर बहुधा पत्र मिळतं.

पडताळणीला पोलीस घरी येतात तेव्हा दोघांनी घरात असावं. ते शेजाऱ्यांना विचारतात, कपाट पाहतात, लग्नाचे फोटो मागतात. यात अपमान वाटून घेऊ नका. संयुक्त बँक खातं, दोघांच्या नावाचा आरोग्य विमा, एकाच पत्त्यावर आलेली पत्रं, प्रवासाची तिकिटं हे सगळं एका फाइलीत तारखेप्रमाणे लावून ठेवा.

मुदत उलटली तर काय बिघडतं

१ सप्टेंबर २०२५ पासून इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अ‍ॅक्ट, २०२५ लागू झाला आणि १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्यासह चार जुने कायदे रद्द झाले. नव्या कायद्यात व्हिसाची मुदत संपल्यावरही राहिल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. वैध पासपोर्ट-व्हिसाशिवाय देशात शिरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय नवरा किंवा बायको असणं हा यावरचा बचाव नाही.

दंड भरून सुटू, असं ज्यांना वाटतं त्यांनी याहून मोठं नुकसान समजून घ्यावं. नागरिकत्व कायद्यात मुदतीनंतर राहिलेला माणूस 'बेकायदा स्थलांतरित' ठरतो, आणि अशा माणसाला लग्नाच्या आधारावर नागरिकत्वाची नोंदणी मागता येत नाही. त्याहून गंभीर मुद्दा मुलांचा. ३ डिसेंबर २००४ किंवा त्यानंतर भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरायचं तर एक पालक भारतीय हवा आणि दुसरा जन्माच्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे बाळंतपणाच्या धावपळीत आईच्या व्हिसाकडे दुर्लक्ष झालं, तर बाप अस्सल मुंबईकर असूनही मुलाच्या नागरिकत्वावर प्रश्न उभा राहतो. सातवा महिना लागला की डॉक्टरांच्या तारखांसोबत व्हिसाची तारीखही कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. आणि एरवीही मुदत संपण्याच्या दोन महिने आधी वाढीचा अर्ज टाका.

दोन वर्षांनी ओसीआय

२०१५ च्या दुरुस्तीपासून भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड मिळू शकतं. अट अशी, की लग्न नोंदवलेलं असावं आणि अर्जाच्या आधी सलग दोन वर्षं टिकलेलं असावं. देवळात लग्न होऊन चार वर्षं झाली पण नोंदणी गेल्या वर्षीची आहे, अशा जोडप्यांनी नोंदणीपासूनच दोन वर्षं धरून चालावं. जोडीदार, त्याचे आईवडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा यांपैकी कोणी कधीही पाकिस्तान किंवा बांगलादेशाचे नागरिक असतील तर ओसीआय मिळत नाही. इंग्लंड-अमेरिकेतल्या काही कुटुंबांना ही अट अर्ज करताना पहिल्यांदा कळते.

इथून अर्ज करायचा तर टुरिस्ट व्हिसा चालत नाही, आणि जोडीदार भारतात सलग सहा महिने राहत असावा लागतो. भारतातून अर्जाचं शुल्क १५,००० रुपये आहे. फोटो चौकोनी लागतो आणि पार्श्वभूमी फिकट रंगाची, पण पांढरी नको. नाक्यावरच्या स्टुडिओत 'पासपोर्ट फोटो' म्हटलं की पांढऱ्या पडद्यावर काढून देतात, म्हणून आधी सांगा. सुरक्षा तपासणीला महिने लागू शकतात, तोवर एक्स व्हिसा जिवंत ठेवा.

कार्ड हातात आलं की आयुष्यभराचा बहुप्रवेश व्हिसा मिळाला. नोकरी करता येते, फ्लॅट घेता येतो, एफआरआरओची नोंदणी सुटते. शेतजमीन मात्र विकत घेता येत नाही, त्यामुळे गावची जमीन सुनेच्या नावाने घेऊन सातबाऱ्यावर तिचं नाव लावायचा बेत असेल तर तो सोडा. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार यांसाठी मार्च २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे खास परवानगी लागते. जोडीदार म्हणून कार्ड मिळालेल्याने दर नव्या पासपोर्टनंतर तीन महिन्यांत पोर्टलवर पासपोर्ट, फोटो आणि लग्न टिकून असल्याचं घोषणापत्र चढवायचं असतं. हे फुकट आहे आणि हमखास विसरलं जातं.

मतदानाचा हक्क ओसीआयमध्ये नाही. मुंबईत निवडणुका जवळ आल्या की कार्यकर्ते सोसायटीत येऊन घरातल्या सगळ्यांचे मतदार नोंदणीचे फॉर्म भरून घेतात, आधार कार्ड पाहतात आणि पुढे जातात. आधार परदेशी रहिवाशालाही मिळतं, तो नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. त्या फॉर्मवर परदेशी जोडीदाराची सही होऊ देऊ नका. 'मी भारताचा नागरिक आहे' अशी खोटी घोषणा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली शिक्षापात्र आहे, आणि पुढे नागरिकत्वाच्या चौकशीत हेच प्रकरण आडवं येतं.

नेपाळ, पाकिस्तान, बांगलादेश

नेपाळी जोडीदाराला व्हिसा लागत नाही. १९५० च्या करारामुळे राहणं आणि काम करणं दोन्ही खुलं आहे. पण त्यामुळेच कागद राहून जातात आणि पुढे नागरिकत्व मागताना सात वर्षांचा मुक्काम सिद्ध करता येत नाही. भाडेकरार, बँकेचं पासबुक, मुलांच्या शाळेचे कागद पहिल्या वर्षापासून जपा.

पाकिस्तान आणि बांगलादेशच्या ज्या स्त्रिया भारतीयाशी लग्न करून इथे राहतात, त्यांच्यासाठी दीर्घ मुदतीचा व्हिसा आहे. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा वगळले गेले होते. ज्यांचा अर्ज वेळेवर झाला होता आणि ज्यांचा राहून गेला होता, त्यांच्यातला फरक त्या आठवड्यात दिसला. ही प्रकरणं स्वतःच्या हिमतीवर करू नका, सुरुवातीपासून जाणकार वकील धरा.

लग्न मोडलं तर

एक्स व्हिसाचा आधार लग्न हाच असतो. तो गेला की दुसऱ्या कुठल्या प्रकारात बसता येतं का, हे घटस्फोटाचा हुकूम येण्याआधी पाहायला हवं. जोडीदार म्हणून मिळालेलं ओसीआय कार्डही लग्न संपल्यावर रद्द होऊ शकतं, मात्र म्हणणं मांडायची संधी दिल्याशिवाय नाही. ती तरतूद २०१९ मध्ये आली. रीतसर मिळालेलं नागरिकत्व घटस्फोटाने जात नाही.

घरात मारहाण होत असेल आणि "पोलिसांत गेलीस तर व्हिसा रद्द करीन" अशी धमकी मिळत असेल, तर हे लक्षात ठेवा: व्हिसा रद्द करण्याचा अधिकार सरकारचा आहे, नवऱ्याचा नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली दाद मागायला भारतीय नागरिक असण्याची अट नाही. पासपोर्ट, व्हिसा आणि लग्नाच्या दाखल्याच्या प्रती घराबाहेर विश्वासू माणसाकडे ठेवा. नवरा-बायकोत सगळं छान असतानाही ठेवा.

सात वर्षांनी नागरिकत्व

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ५(१)(ग) प्रमाणे, इंग्रजी प्रतीत सी, भारतीयाशी विवाहित आणि सात वर्षं इथे राहिलेल्या व्यक्तीला नोंदणीने नागरिकत्व मागता येतं. सात वर्षं लग्नाची नव्हेत, मुक्कामाची आहेत. अर्जाच्या आधीचे १२ महिने सलग, आणि त्याआधीच्या आठ वर्षांत मिळून किमान सहा वर्षं. म्हणजे दर वर्षी दोन महिने माहेरी गेलं तरी बसतं, पण शेवटच्या १२ महिन्यांत बाहेर पाऊल टाकू नये. खास कारण असेल तर सरकार एकूण ३० दिवसांपर्यंत सूट देऊ शकतं. दुसरी वाट ओसीआयची: कार्ड मिळून पाच वर्षं आणि शेवटचे १२ महिने इथे मुक्काम. कामासाठी सतत बाहेर असणाऱ्यांना ही सोयीची पडते.

अर्ज ऑनलाइन भरून जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जातो, तिथून चौकशी होऊन राज्य सरकार आणि मग केंद्रीय गृह मंत्रालय. पासपोर्टवरच्या येण्या-जाण्याच्या प्रत्येक शिक्क्याची तारीख एका तक्त्यात लिहून काढा, जुने पासपोर्ट टाकू नका. मंजुरीचं पत्र येण्याआधी मायदेशाचं नागरिकत्व सोडू नका. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही हे खरं, पण घाई केली तर मधल्या काळात माणूस कुठल्याच देशाचा राहत नाही. पत्र आल्यावर ते सोडायचं, निष्ठेची शपथ घ्यायची, आणि प्रमाणपत्र घ्यायचं. ओसीआय असेल तर ते परत करायचं. त्यानंतर भारतीय पासपोर्टचा अर्ज आणि मग मतदार यादीत नाव.

नोंदणीने मिळालेलं नागरिकत्व फसवणूक उघड झाल्यास काढून घेता येतं. आणि एक कलम फार थोड्यांना ठाऊक असतं: असा नागरिक सलग सात वर्षं भारताबाहेर राहिला, तर सरकार नागरिकत्व काढून घेऊ शकतं. शिक्षणासाठी किंवा सरकारी सेवेत बाहेर असेल, किंवा दर वर्षी भारतीय वकिलातीत नागरिकत्व कायम ठेवण्याचा इरादा नोंदवला असेल, तर हे कलम लागत नाही. नवऱ्याची बदली दुबईला किंवा सिंगापूरला झाली तर तिथे पोहोचल्यावर पहिल्याच वर्षी ही नोंद करून टाका.